शेताखालून पाइप गेली तर नोटीस, नदीखालून गेली तर?



१६ जून ते १५ ऑगस्ट. या तारखा आपल्यात कुणाला पाठ नाहीत? मध्य प्रदेशात या दोन महिन्यांत नदीत जाळं टाकायचं नाही. माशांचा अंडी घालायचा काळ असतो, नियम योग्यच आहे आणि आपण तो पाळतो. जो पाळत नाही त्याचं जाळं जप्त होतं, केस होते. म्हणजे नदीसाठी नियम करता येतो आणि तो बजावताही येतो. मग आमचा साधा प्रश्न आहे: तेल, रसायन नाहीतर खाणीचा गाळ वाहून नेणाऱ्या पाइपलाइनच्या बाबतीत हीच तत्परता का दिसत नाही?

काही सभासद म्हणतात, हे समुद्रावरच्या लोकांचं दुखणं आहे, आपल्याला काय त्याचं? म्हणून आधी समुद्राचंच सांगतो.

जानेवारी २०११ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी समुद्रात गळली. सप्टेंबर २०२३ मध्ये उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातलं कच्चं तेल नाल्यावाटे पीरवाडीच्या किनाऱ्यावर आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत नागपट्टिनमजवळ रिफायनरीची समुद्रातली पाइप गळली. तिथल्या मच्छीमारांनी होड्या बांधून ठेवल्या आणि ‘पाइपच काढा’ म्हणून अडून बसले. शेवटी कंपनीला पाइप काढण्याचं कबूल करावं लागलं. तिन्ही ठिकाणी कंपन्या मोठ्या होत्या, सरकारी होत्या, नियमही होते. तरी तेल पाण्यात आलंच.

आणि हे नदीत होत नाही असं समजू नका. अमेरिकेत मिशिगन राज्यात कलामाझू नावाची नदी आहे. २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी तिच्याजवळ जमिनीखालची तेलाची पाइप फाटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, पण तिथल्या माणसांना वाटलं की पाइपमध्ये हवा धरली असेल. त्यांनी दोनदा पंप पुन्हा सुरू केला. सतरा तास असेच गेले. सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडलं आणि नाल्यातून नदीत गेलं. नदीचा मोठा पट्टा जवळजवळ दोन वर्षं बंद राहिला.

यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, त्या पाइपला तडे आहेत हे कंपनीला २००५ पासून माहीत होतं. तपासणी झाली होती, कागद तयार होता, दुरुस्ती मात्र झाली नव्हती. नंतरच्या सरकारी चौकशीत कंपनीबरोबर नियम बजावणाऱ्या खात्यालाही दोष दिला गेला. दुसरी गोष्ट, तेलाचा वास आधी आला तो काठावरच्या लोकांना. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केले होते. मशीन असलेल्या कंट्रोल रूमला मात्र दुसऱ्या दिवशी बाहेरच्या माणसाने सांगितल्यावर कळलं. नदीवर राहणाऱ्याला आधी कळतं आणि त्यालाच कुणी विचारत नाही, हे तिथेही तसंच.

आता आपल्याकडचा कायदा बघू. पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी १९६२ चा कायदा आहे. एखाद्याच्या शेताखालून पाइप न्यायची असेल तर सरकार अधिसूचना काढतं. त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला २१ दिवसांत हरकत घेता येते. पिकाचं, झाडाचं नुकसान भरून मिळतं, शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. पुरेशी आहे का, हा वाद वेगळा. पण शेतकऱ्याचं नाव कागदावर येतं.

तीच पाइप नदीच्या तळाखालून गेली तर? नदी ना कुणाच्या सातबाऱ्यावर, ना आपल्याकडच्या खशऱ्यात. पिढ्यान् पिढ्या ज्या डोहात आपण जाळं टाकतो, तिथे आपला हितसंबंध कुणी धरतच नाही. ना नोटीस, ना हरकत, ना नकाशा. आमच्या मते सगळं घोडं इथेच अडलं आहे. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याच्यासाठी नियम बजावायची घाई कुणालाच नसते.

नियम कमी नाहीत. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. पाइप किती खोल असावी, गंजू नये म्हणून काय करावं, आतून तपासणी कशी करावी, यावर गस्त कशी घालावी, सगळं लिहिलेलं आहे. पण तपासणी करणार कंपनीची माणसं नाहीतर कंपनीने पैसे देऊन नेमलेली एजन्सी. अहवाल जाणार दिल्लीला. पाइप ज्या घाटाखालून जाते, त्या घाटावरच्या सोसायटीला त्यातलं एक पानही मिळत नाही.

आणि हे झालं फक्त तेल आणि गॅसचं. आपल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला १९८२ पासून तांब्याची मोठी खाण चालू आहे. अशा खाणीतल्या दगडात तांबं शंभरात एखादाच भाग असतं. बाकीचा दळलेला चोथा पाण्यात कालवून बंधाऱ्याकडे सोडावा लागतो. तिकडून बंजर नदी जाते, ती पुढे मंडल्याला नर्मदेत मिळते. नागपूरकडे वीज केंद्रांची राखही अशीच पाण्यात कालवून पाइपने राखेच्या तलावात जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी गावांत, शेतांत, नाल्यांत शिरलं. त्या भागातलं पाणी कन्हानमध्ये उतरतं आणि कन्हान अंभोऱ्याला आपल्याच वैनगंगेला मिळते.

राखेची किंवा खाणीच्या गाळाची पाइप त्या दिल्लीच्या मंडळाकडे येत नाही. तिच्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी आणि तिच्यातल्या अटी, एवढंच. म्हणजे पाइपमध्ये काय वाहतं यावर रखवालदार बदलतो. माशाला मात्र फरक पडत नाही. बारीक गाळ असो की तेल, कल्ले बुजले की मासा मरतो. वर नदी एक आणि राज्यं दोन. इकडे मध्य प्रदेशचं मंडळ, पुढे गोंदिया-भंडाऱ्यात महाराष्ट्राचं. तक्रार घेऊन गेलं की हे त्यांच्याकडे बोट दाखवणार, ते यांच्याकडे.

कुणी म्हणेल, तुम्ही विकासाच्या आड येता. आम्ही येत नाही. तेच तेल रस्त्यावरून शेकडो टँकरने नेण्यापेक्षा नीट सांभाळलेली पाइप बरी, हे आम्हालाही कळतं. आमचं म्हणणं ‘नीट सांभाळलेली’ या दोन शब्दांपुरतंच आहे.

म्हणून सोसायटीच्या वतीने आमच्या तीन मागण्या आहेत.

एक, नदी किंवा तलाव ओलांडणारी प्रत्येक पाइप, मग तिच्यात काहीही वाहो, कुठून जाते त्याचा नकाशा आणि बिघाड झाला तर लावायचा फोन नंबर त्या पाण्यावरच्या मच्छीमार सोसायटीला लेखी मिळावा.

दोन, १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अपघाताने घाण पाण्यात गेली तर जबाबदार माणसाने प्रदूषण मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं. तो निरोप त्याच वेळी खालच्या घाटांवरच्या सोसायट्यांनाही जावा. दोन दिवसांनी पेपरात वाचून आम्ही काय करणार? तोवर जाळं पाण्यात गेलेलं असतं आणि मासळी लोकांच्या ताटात.

तीन, रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांप्रमाणे कलेक्टर साहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो आणि त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायची असते. त्या गटात मच्छीमारांचा एक माणूस बसवा.

मागण्या झाल्या. पण आपलंही काम आहे, आणि ते आजपासून सुरू करता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला रिफायनरीतलं तेल पुराच्या पाण्याबरोबर खाडीत पसरलं. तमिळनाडू सरकारने जास्त फटका बसलेल्या मच्छीमार कुटुंबांना १२,५०० रुपये आणि खराब झालेल्या बोटींसाठी १०,००० रुपये दिले. रक्कम थोडीच आहे. पण ती मिळायला सुद्धा कुटुंब आणि बोट मोजता यावी लागते. उद्या आपल्यावर वेळ आली तर आपल्याकडे मोजायला काय आहे? किती डोंगे, कुणाचे, रोज किती किलो मासळी, काय भाव? तोंडी सगळं, कागदावर काहीच नाही.

तेव्हा प्रत्येक घरात एक वही घाला. तारीख, घाट, किलो, भाव, एवढंच लिहा. घरात शाळेत जाणारी पोरं आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. डोंग्यांची यादी सोसायटी करेल.

पाण्यावर तेलाचा तवंग, वेगळा वास, पांढरट गाळ किंवा मेलेले मासे दिसले तर त्या पाण्यात उतरू नका, ती मासळी विकू नका आणि तेलाचा वास असेल तर काडी-बिडी पेटवू नका. वेळ लिहा, फोटो काढा, सोसायटीला आणि प्रदूषण मंडळाला कळवा. बाटलीत भरून ठेवलेलं आपलं पाणी कोर्टात टिकणं कठीण. मंडळाच्या माणसाने रीतसर नमुना घ्यावा लागतो, म्हणून तो येईल तेव्हा चार जण साक्षीला उभे राहा. भरपाईसाठी हरित न्यायाधिकरणात पाच वर्षांच्या आत जाता येतं. आपल्याला भोपाळ, गोंदिया-भंडाऱ्याच्या भावांना पुणे.

पुढच्या मासिक सभेत तिन्ही मागण्यांचा अर्ज वाचून दाखवू आणि सह्या घेऊ. येताना वही घेऊन या. पहिलं पान भरलेलं असलं तरी पुष्कळ झालं.