यंत्राला सांगावयाचे कसे?

सदाशिव पेठेतील वाड्यांच्या दारांवरील पाट्यांची थट्टा महाराष्ट्राने मनसोक्त केली आहे. त्या थट्टेत पाटी लिहिणाऱ्याच्या एका गुणाकडे मात्र दुर्लक्ष झाले. घंटा किती वेळा वाजवावी, कोणत्या वेळी वाजवू नये आणि दार उघडले गेले नाही तर काय समजावे, हे सारे तो दाराशी उभ्या राहणाऱ्या परक्या माणसाला घरची कोणतीच रीत ठाऊक नाही असे धरून लिहितो. संगणकक्षेत्रात आज नेमकी याच गुणाची टंचाई भासू लागली आहे.

संगणकाचे प्रोग्राम दुरुस्त करण्याचे काम आता माणसांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट'ही करू लागले आहेत. दुरुस्तीची स्वयंचलित साधने तशी जुनीच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास 'सेड' हे साधन आले, १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिले. शतक संपत आले तेव्हा वर्षाच्या दोन अंकांचे चार अंक करण्याचे प्रचंड काम जगभर निघाले आणि आपल्याकडील कितीतरी पदवीधर त्यावर पोसले गेले. परंतु ही साधने वापरणारा माणूस होता. माहितीपत्रकात जे नसे ते त्याला शेजारच्या टेबलावर विचारता येई. एजंटाला असा शेजार नसतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'सारख्या पद्धतीत साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा आराखडा एवढेच त्याच्यापुढे ठेवले जाते. साधन केव्हा व कसे वापरावयाचे हे तो मुख्यतः त्या चार ओळींवरून ठरवतो. म्हणजे पूर्वी ज्याला कोणी वाचत नसे तो मजकूरच आता कामाचा हुकूम ठरला आहे.

हुकूम अर्धवट असेल तर काय होते, हे कचेरीतल्या कोणत्याही कारकुनाला समजेल. समजा, एखाद्या मोठ्या दप्तरात 'कर' या शब्दाच्या जागी 'शुल्क' घालावयाचे आहे आणि साधनाच्या वर्णनात 'शब्द बदलते' एवढेच लिहिले आहे. साधन अक्षरे जुळवणारे निघाले तर करमाळ्याची शुल्कमाळा होईल, आगरकरांचे आगरशुल्क होतील आणि कचेरीतला नोकरही सुटणार नाही. म्हणून जुळणी पूर्ण शब्दाची की अक्षरांची, मजकूर एकाहून अधिक ठिकाणी सापडला तर साधन थांबते की सर्वत्र बदल करते, काम मध्येच फसले तर मूळ दप्तर शाबूत राहते की नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. तीच आज्ञा चुकून दोनदा दिली तर काय घडेल, हेही. 'शुल्क'च्या आधी 'शिक्षण' घालणारी आज्ञा दुसऱ्यांदा चालली की 'शिक्षण शिक्षण शुल्क' तयार! बदल प्रत्यक्ष करण्याआधी तो नुसता दाखविण्याची सोय असेल, तर तिचा उल्लेख सर्वांत वर हवा.

यावर असे म्हटले जाते, की यंत्रे दिवसेंदिवस हुशार होत आहेत, संदर्भावरून ती ओळखतील. हा युक्तिवाद फसवा आहे. अजाण यंत्राची चूक बेढब असते, ती डोळ्यांत भरते. हुशार यंत्राचा चुकीचा अंदाज मात्र बरोबर दिसतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

अर्थात लेखी सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या एजंटाने, काहीही बदलू नये अशी ताकीद असतानाही, एका ग्राहकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. हे घडणे शक्यच असता कामा नये, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखांनी दिली आणि प्रयोगाचा साठा व चालू साठा वेगळे करण्याची व्यवस्था केली. जेथे हानी भरून निघणारी नाही तेथे परवानगीच नसावी. सूचनापत्राचे काम त्याच्या अलीकडचे आहे.

हा प्रश्न परदेशी कंपन्यांपुरता नाही. हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांचा मेळ घालण्यासाठी महसूल खात्याला २०१७ साली गावोगावी चावडीवाचन घ्यावे लागले. ज्याची जमीन त्यालाच उतारा वाचून दाखवावयाचा, ही तपासणीची रीत साधी खरी, पण तिला पर्याय नव्हता. उद्या अशाच दप्तरांच्या प्रोग्रामांना एजंटांचा हात लागेल. तेव्हा कोणत्या साधनाने काय बदलले याची नोंद सामान्य खातेदाराला वाचता येईल अशा मराठीत ठेवण्याची सक्ती आतापासूनच करावयास हवी.

ही कामे करणारी मुले आज आपल्याच महाविद्यालयांत आहेत. तेथे लेखी विवरणाची किंमत काय? प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची 'जर्नल' उतरवून काढावयाची आणि सकाळी तीवर सही मिळवावयाची! गुण प्रोग्राम चालण्याला, विवरणाला नाही. विद्यापीठाने एक सोपा बदल करून पाहावा. एका विद्यार्थ्याने साधन तयार करावे, दुसऱ्याने केवळ त्याच्या लेखी सूचनांवरून ते चालवावे, दोघांनी बोलू नये, आणि दुसरा जेथे अडेल तेथे पहिल्याचे गुण कापावेत. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, की जादा अनुदान. उतरवलेल्या जर्नलवर सही करण्याचे नाकारणारे शिक्षक मात्र लागतील.