घाटाखालचा आपला जिल्हा

पाहुणे आले की त्यांना मांडू दाखवावयाचे, हा धारच्या मराठी घरांचा जुना रिवाज. जहाजमहाल पाहून होतो, खुरासानी चिंचेचे आंबट फळ मुलांच्या हाती पडते आणि शेवटी मंडळी रूपमतीच्या मंडपात येतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असलेल्या त्या कड्यावरून खाली निमाड पसरलेला दिसतो. हवा निवळ असली तर दूरवर नर्मदेची रुपेरी रेघही दिसते. आम्ही हात जोडतो, छायाचित्र काढतो आणि परत फिरतो. आपला जिल्हा आम्ही असा वरूनच पाहिला, हे सांगताना संकोच वाटतो. परंतु आज तेच सांगावयाचे आहे.

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांतून विंध्य जातो. त्याच्या वर माळव्याचे काळ्या मातीचे पठार, खाली नर्मदेचे खोरे. देवासकडील बागली भागात उगम पावणारी कालीसिंध चंबळेला मिळते आणि तिचे पाणी यमुना-गंगेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. धार जिल्ह्यात उगम पावणारी मही राजस्थानातून वळसा घेऊन खंभातच्या आखातात शिरते. दक्षिण उतारावरचा पाऊस मात्र थेट नर्मदेचा. एकाच माहेरच्या लेकींनी तीन दिशांना नांदावयास जावे, तसे हे.

आपले पूर्वज याच नर्मदेपलीकडून आले. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने घाट चढून अमझेऱ्याची लढाई जिंकली. पुढे पवारांची गादी धारला बसली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या बंधूंची थोरली व धाकटी पाती झाली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यातच झाला. वाडे, दप्तरे, देवळे, गणेशोत्सव सारे पठारावर उभे राहिले. घाट चढून आलेले आपण पुन्हा मनाने कधी खाली उतरलोच नाही.

आणि खाली कोण राहते? २०११ च्या जनगणनेप्रमाणे धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. त्यांचे गाव म्हणजे आपल्यासारखी दाट आळी नव्हे. फळियांत विखुरलेली, आपापल्या शेताजवळची घरे. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या बाजारांत भगोरिया भरतो. त्याला केवळ लग्ने जुळविण्याची जत्रा म्हणणे त्यांना रुचत नाही, आणि ते रास्तच आहे. बागला बाघिनी नदीकाठी बौद्ध लेणी आहेत, आणि तेथील खत्री मंडळी त्याच नदीच्या पाण्यात ठशांचे कापड धुतात.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला आले. दीर्घ आजारपणात, गाणे बंद असताना, त्यांनी भोवतालची माळवी लोकगीते कान देऊन ऐकली. त्यांतून पुढे त्यांना नवे राग सापडले. आमच्या दारी मात्र दरवर्षी सीताफळांची पाटी घेऊन एक बाई येत असे. भावाची घासाघीस आम्ही मनसोक्त केली. ती कोणत्या गावची, हे कधी विचारले नाही.

कुक्षी तालुक्यातील चिखलदा हे नर्मदाकाठचे गाव पाहावयाचे आमच्या मनात फार दिवस होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता वर्षे गेली. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरले. चिखलदा आणि निसरपूर पाण्याखाली गेली. तेथील माणसांची घरे गेली. आमचे गेले ते केवळ एक राहून गेलेले दर्शन. या दोहोंची तुलना करण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. परंतु आपल्याच जिल्ह्यातील गावांचा बोध आम्हांस ती बुडाल्यावर व्हावा, ही खंत जात नाही.

आपली मुले आता पुण्याला, बंगळूरला असतात आणि 'आम्ही धारचे', 'आम्ही देवासचे' असे अभिमानाने सांगतात. सुटीत ती येतील तेव्हा मांडू अवश्य दाखवा. पण मंडपातून परत फिरू नका. घाट उतरून बागला जा. देवासकरांनी नेमावरला सिद्धेश्वराच्या पायरीशी बसावे. आणि दारी सीताफळे घेऊन कोणी आले, तर भाव विचारण्यापूर्वी गाव विचारावे. आम्ही यंदापासून तसे ठरविले आहे.