नंबरप्लेट लावलेलं इंटरनेट

रस्त्यावर गाडी काढायची तर लायसन लागतं, गाडीला नंबरप्लेट लागते. मग इंटरनेटवर तोंड उघडणाऱ्याला ती का नको? आमच्या गावच्या उन्हाळी व्याख्यानमालेत परवा एका विद्वान वक्त्यांनी हा सवाल टाकला आणि मंडपात टाळ्या काही थांबेनात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : निनावीपणा हे सगळ्या घाणीचं मूळ. म्हणून प्रत्येक खात्याला सरकारी ओळखपत्र जोडा, लोक लिहितील त्याची जबाबदारी कंपन्यांवर टाका, आणि ज्याला काही लपवायचं नाही त्याने घाबरू नये. दीड तासात याहून अधिक काही सांगितलं असेल, तर ते माझा डोळा लागला तेव्हा.

लपवायचं नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपलं बँकेचं पासबुक मंडपाच्या दारावर टांगावं. त्या मुद्द्याला एवढं पुरे.

नंबरप्लेटचं मात्र असं सोडता येत नाही. गाडीला नंबर का? टनभर लोखंड माणसाच्या अंगावर जाऊ शकतं म्हणून. त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीवर आपण नंबर रंगवत नाही. बोलणारा माणूस हा पायी चालणारा आहे. बरं, तो निनावी तरी कुठे आहे? सिमकार्ड घेताना ओळखपत्र देऊनच आपण बाहेर पडतो. पोलिसांना माग काढायचा असेल तर वाट उघडी आहे. वक्त्यांना नाव हवंय ते शेजाऱ्याला, साहेबाला आणि गल्लीतल्या दादाला दिसावं म्हणून.

आणि नावाने घाण थांबते हा शोध कुठला? आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कॅन्सरवरचा रामबाण काढा दर पंधरा दिवसांनी येतो, तो सख्ख्या आत्याच्या नावाने, फोटोसकट, वर गुलाबाचं फूल लावून. उलट नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या ज्या मुलीने एका नेत्याच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिने त्या स्वतःच्या नावाने लिहिल्या. दुसरीने नुसतं लाइक केलं, तेही स्वतःच्या नावाने. अटक दोघींना झाली. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ असल्या सैल शब्दांवर तीन वर्षांची कैद ठेवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं, आणि तरीही त्याखाली गुन्हे नोंदवणं पुढे कित्येक वर्षं चालूच राहिलं. नाव लावलेल्यांची ही गत.

हा प्रयोग करूनही झालेला आहे. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची ओळख पटवून घेणं सक्तीचं केलं. नागरिकांचे ओळख क्रमांक कंपन्यांच्या कोठारांत साचत गेले. 2011 च्या जुलैत चोरांनी एका कंपनीचं कोठार फोडलं आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती नेली. देशाची लोकसंख्या पाच कोटी! पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने मोडीत काढला. बेकायदा मजकूर म्हणावा तसा घटला नाही, लोक मात्र परदेशी संकेतस्थळांवर निघून गेले, असं न्यायालयाचं निरीक्षण होतं. कोरियाने फेकलेली नंबरप्लेट आता आपण उचलून घासूनपुसून लावायची म्हणे.

मराठीत तर हा युक्तिवाद करायला धीरच हवा. 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ज्या पत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांची झोप उडवली, त्यांखाली सही होती ‘लोकहितवादी’. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत, स्वतः ब्राह्मण, राहायचं त्याच समाजात. तेव्हा संपादकांकडे ओळखपत्राची प्रत जमा करायचा नियम असता, तर या ‘शतपत्रां’तली किती पत्रं लिहिली गेली असती?

कंपनीला जबाबदार धरा, हेही जुनंच. 2004 मध्ये एका वापरकर्त्याने विकायला ठेवलेल्या अश्लील क्लिपपायी संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली होती. सोसायटीच्या फळ्यावर कुणी शिवी लिहिली म्हणून सेक्रेटरीला बेड्या घाला. दुसऱ्या दिवशी फळाच काढलेला दिसेल.

इंटरनेटला वेसण घालू पाहणाऱ्या मंडळींची आणि माझी ओळख जुनी आहे. 1995 च्या 15 ऑगस्टला आपल्याकडे इंटरनेट आलं, पण त्यावरून फोन करायला 1 एप्रिल 2002 पर्यंत बंदी होती. का, तर देशाची सुरक्षा आणि सरकारचा महसूल. माझा भाऊ अमेरिकेत. आई एसटीडी-आयएसडी बूथमध्ये उभी राहायची; नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. अर्धी वाक्यं गिळून ‘ठेवते रे’ म्हणायची. बंदी उठल्यावर देश बुडाला नाही. आईची वाक्यं पुरी होऊ लागली, एवढंच.

मग तुमचं म्हणणं काय, असं विचारतील. ते फार लांबलचक नाही. धमकी, फसवणूक, बदनामी यांना कायदे आहेत; ते वापरा. मजकूर काढायचा तर न्यायालयाचा आदेश आणा. बाकीचं वाचणाऱ्याच्या अंगठ्यावर सोडा, त्याला ब्लॉक करता येतं. याने सगळी घाण जाईल का? नाही. पण आत्याचा काढा कुठल्या कायद्याने थांबेल तेही कुणी मला सांगितलेलं नाही.

व्याख्यान संपल्यावर नेहमीप्रमाणे प्रश्नांच्या चिठ्ठ्या फिरल्या. ‘नाव घालायची गरज नाही,’ असं सूत्रसंचालकांनी माइकवरून दोनदा सांगितलं. वक्त्यांनी सात चिठ्ठ्या वाचल्या, सातही बिननावी, आणि प्रत्येकीला ‘उत्तम प्रश्न’ म्हणाले. आठवी माझी, कोरियावरची. तिच्याखाली मी नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर घातला होता. त्यांनी ती उघडली, खालपर्यंत वाचली, घडी घालून पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि वेळ संपल्याचं सांगितलं.