साखळीचे दुसरे टोक

नौपाड्यातील कोणत्याही जुन्या इमारतीच्या जिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास एक वाक्य हमखास कानी पडते. वरून कुत्रा उतरत असतो. खालून दुधाच्या पिशव्या घेऊन कोणी वृद्ध गृहस्थ किंवा शिकवणीहून परतणारी मुलगी चढत असते. ती भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून आश्वासन येते, ‘घाबरू नका, तो काही करत नाही!’ आश्वासन देणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या घरी तो प्राणी खरोखरच काही करीत नाही. दहीभात खातो, पलंगाखाली झोपतो आणि दिवाळीत फटाक्यांना भिऊन न्हाणीघरात दडी मारतो. परंतु ऐकणाऱ्या मुलीला यातले काहीच ठाऊक नसते आणि खात्री करून घेण्याचा कोणताही मार्ग तिच्यापाशी नसतो. श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे यांच्यातील वादाला अलीकडे जे उधाण आले आहे, त्यात या साध्या अडचणीचा मात्र कोणी फारसा विचार केलेला दिसत नाही.

नौपाड्याला कुत्रा नवा नाही. गोखले मार्ग आणि राममारुती मार्गाच्या आसपास बैठी घरे, चाळी आणि आंब्याफणसांची आवारे होती, तेव्हा कुत्रा आवाराचा असे. त्याचे नाव मोती किंवा राजा. उरल्यासुरल्या भाकरीवर तो रात्रभर राखण करी आणि तो नेमका कोणाचा, हे सांगण्याची वेळ क्वचितच येई. पुढे आवारांच्या जागी तीन मजली सहकारी इमारती उभ्या राहिल्या आणि कुत्रा अंगणातून गॅलरीत आला. हा काळ पांढऱ्या, केसाळ पामेरियनचा. राखण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, म्हणून तो दारावरची घंटा राखू लागला. आता त्या इमारतीही पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि कुत्रा लिफ्टने ये-जा करतो. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग मुलामागे धावला आणि मध्यमवर्गाने तो घरोघर आणला. मग लॅब्रॅडॉर आला. आणि सैबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढणारा हस्की ठाण्याच्या दमट वैशाखात वातानुकूलित खोलीच्या फरशीला पोट लावून पडलेला दिसू लागला.

या पाळणाऱ्यांच्या तऱ्हा मोठ्या गमतीच्या आहेत. मराठी शाळांच्या भवितव्याविषयी कळकळीने बोलणारे गृहस्थही कुत्र्याशी बोलताना ‘सिट’ आणि ‘कम’ यांचाच आश्रय घेतात. ज्या घरात अंडेही शिजत नाही, तेथे श्वानासाठी निराळे पातेले ठेवून कोंबडी उकडली जाते. दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना हात जोडणारा आणि दारचा कुत्रा काठीने हुसकावणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो. मुलाने हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर मुलगा अमेरिकेस गेला की सत्तरीतल्या आईवडिलांपाशी राहतो. तीस किलोचा तो प्राणी सकाळी साखळीला हिसका देतो, तेव्हा कोण कोणाला फिरावयास नेत आहे याचा बोध होत नाही. तथापि हे हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. त्या दोन वृद्धांच्या दिवसाला त्या कुत्र्यानेच वेळापत्रक दिलेले असते, आणि कित्येक घरांत दिवसभरात मोठ्याने बोललेले शब्द बहुतेक त्यालाच उद्देशून असतात.

कुरबुर सुरू होते ती सोसायटीच्या वार्षिक सभेत. लिफ्टमधील केस, जिन्यातील वास, रात्रीचे भुंकणे यांची उजळणी होते आणि कोणी तरी ठराव मांडतो की, यापुढे इमारतीत कुत्रा पाळू नये. असा ठराव बहुमताने नव्हे, एकमताने संमत झाला तरी तो कायद्यापुढे टिकणारा नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या फेब्रुवारीत काढलेल्या परिपत्रकाने, गृहसंस्थांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही, हे स्पष्ट केले. केरळच्या उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा बंदीची कलमे बेकायदा ठरविली. पाळणाऱ्यांच्या दूरध्वनीत ही परिपत्रके तयारच असतात. परंतु सामाईक जागेत कुत्रा साखळीला बांधूनच न्यावा आणि त्याची घाण मालकाने उचलावी, या ज्या सूचना मालकांना केल्या गेल्या आहेत, त्यांचे वाचन सभेत होत नाही. (शिळ्या वर्तमानपत्राचा हा एक उपयोग काही सुज्ञ नौपाडाकर निमूटपणे करतात, हे नमूद केले पाहिजे.)

हक्क इतका पक्का असताना जबाबदारीची नोंद मात्र कोठेच नसावी, ही खरी विसंगती आहे. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २००१ च्या नियमांनी लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना यांचा भार पाळीव कुत्र्याच्या मालकावर टाकला होता. २०२३ साली नवे नियम आले. त्यांनीही पाळीव प्राण्याचे लसीकरण व निर्बीजीकरण मालकाकडेच ठेवले. ठाण्याची महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. ती ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालते, त्यात कुत्र्यांवर कर बसविण्याचीही सोय आहे. म्हणजे कायद्याची उणीव नाही. तरीही सकाळी रस्त्यावर दिसणारे पट्ट्याचे कुत्रे आणि दप्तरातील परवाने यांचा मेळ आपल्या मोठ्या शहरांत बसत नाही. उलट रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले की त्याच्या कानाला खाच पाडली जाते. कोणाही जाणाऱ्या-येणाऱ्याला ती खूण वाचता येते. ज्याला मालक नाही त्याची नोंद आहे आणि ज्याला मालक आहे त्याची नाही! हा घोळ आजचा नव्हे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत भटके कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर आला आणि शहराचे व्यवहार बंद पडले, तेव्हाही घरच्या कुत्र्यांनाही शिपाई पकडून नेतात, ही एक तक्रार होतीच.

नोंदीचा आग्रह हा कारकुनी सोस वाटण्याचा संभव आहे. कुत्रा चावल्यावर काय घडते हे पाहिले म्हणजे तो तसा नाही हे ध्यानात येईल. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांच्या आठवणीने आजही जुनी पिढी शहारते. ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास इतिहासजमा झाली आणि आता दंडात चार-पाच वेळा टोचून घेतले की भागते. जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठणे, याला पर्याय नाही. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. जखम खोल असेल तर लशीबरोबर निराळे प्रतिद्रव्यही द्यावे लागते. आता यात मालकाचा संबंध येतो तो असा. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते. चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल तर त्या मुदतीत तो आजारी पडून मरतो. तो धडधाकट राहिला तर सुरू केलेले उपचार डॉक्टर आटोपते घेऊ शकतात. कुत्रा कोणाचा आणि त्याला लस टोचली होती की नाही, हेच कळले नाही तर चावा बसलेल्या मुलाच्या आईवडिलांना सर्व सुया आणि त्यांबरोबरची सारी धास्ती सोसावी लागते. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

शेजारच्या गोव्याने याबाबतीत जे करून दाखविले ते महाराष्ट्राने डोळसपणे पाहावयास हवे. २०१३ ते २०१९ या काळात तेथे शासन आणि स्वयंसेवी पथके यांनी मिळून दरसाल ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचली, म्हणजे शंभरातील सत्तर कुत्री संरक्षित केली. त्याचबरोबर दरवर्षी दीड लाख शाळकरी मुलांना कुत्र्याजवळ कसे वागावे हे शिकविले. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि त्या काळाच्या अखेरीस माणसांचे मृत्यू थांबले. पथकांनी कुत्रा घरचा की दारचा, असा भेद केला नाही. घराघरांत जाऊनही सुया टोचल्या आणि प्रत्येक सुईची नोंद ठेवली.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली जे घडले ते सर्वांच्या स्मरणात आहे. ११ ऑगस्टला दिल्लीचे सारे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो सौम्य करून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे त्यांच्या मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक तेवढे अडकवावेत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्रे कायमचे हलविण्यास सांगण्यात आले. देशभर मेणबत्त्या आणि मोर्चे दोन्ही निघाले. या गदारोळात घरच्या कुत्र्याचा मालक मात्र अलगद सुटला. वस्तुतः हौस फिटल्यावर, बदली झाल्यावर किंवा पिले नकोशी झाल्यावर सोडून दिलेला प्राणी दुसऱ्या दिवशीपासून भटकाच असतो. असा प्राणी उपासमारीत सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविला खरा. पण पहिल्या गुन्ह्यासाठी त्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा! तेवढ्यात पट्टादेखील येत नाही.

नौपाड्यातील नव्या सोसायट्यांच्या कार्यालयांत मोटारींची नोंदवही असते, भाडेकरूंची असते, घरकामास येणाऱ्या बायकांची छायाचित्रेही असतात. त्यांत कुत्र्यांसाठी एक पान घालण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. अट इतकीच की ते पान परवानगी देण्या-नाकारण्यासाठी वापरले जाऊ नये, कारण तो अधिकार सोसायटीला नाही. मालकाने रेबीजच्या लशीच्या दाखल्याची प्रत दर वर्षी द्यावी आणि चिटणिसाने ती लावून ठेवावी. महापालिकेने पोलिओच्या रविवारांप्रमाणे एखाद्या रविवारी घंटाळीच्या बाजूला मंडप घालून लस आणि परवाना दोन्ही एकाच टेबलावर दिले, तर कचेरीत खेटे घालावे लागतात ही मालकांची सबबही उरणार नाही. परवान्याबरोबर गळ्यात अडकविण्याचा बिल्ला मिळावा. त्यावर फार मजकूर लागत नाही. घराचा क्रमांक, दूरध्वनी आणि लशीची तारीख, इतके जिन्यातल्या त्या मुलीलाही वाचता येईल.