एका पिल्लासाठी शंभर डोस

परसातली कोंबडी मेली तर त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. बैल दगावला तर चार माणसं दारात येऊन बसतात, पंचनाम्याची बोलणी होतात, पोळ्याला त्याची आठवण निघते. कोंबडीचं मात्र "मानमोडी आली होती" एवढ्यावरच आटोपतं. या उन्हाळ्यात आमच्या सुलतानपुरात मानमोडी आली आणि माझी कवडी गेली. तेव्हापासून ते वाक्य ऐकलं की मला राग येतो. मानमोडी म्हणजे काही दैवाचा घाला नव्हे. तिच्यावर लस आहे.

कवडी आमच्या घरात चार वर्षं होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून आत्याबाईंनी तिला हे नाव दिलं. आत्याबाई तूर पाखडायला बसल्या की ती सुपाच्या कडेला उभी राहायची आणि दुसऱ्या कोंबडीला जवळ फिरकू द्यायची नाही. डालग्यात गवत घालून दिलं तरी अंडं घालायची ते मधल्या खोलीतल्या गोधड्यांच्या घडीवरच. लेकीच्या वह्या तिच्या अंड्यांच्या पैशांतून यायच्या. सोयाबीनच्या पैशाला घरात दहा वाटा असतात, पण अंड्यांचा पैसा बाईच्या हातात येतो आणि तिला विचारूनच खर्च होतो. खेड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

आजार सुरू झाला तो हिरवट-पांढऱ्या पातळ विष्ठेने. मग ती चोच उघडून श्वास घेऊ लागली, पंख लोंबले. पुढे मान अशी पिळवटली की दाणा समोर असून चोच भलतीकडेच मातीवर आपटायची. मी भिजवलेली कणी बोटाने तिला भरवत होते. ती गिळायचा प्रयत्न करायची, पण घशाखाली काही उतरत नव्हतं. बांधाला खोल खड्डा करून, चुना टाकून तिला पुरली. घरातलं कोणी त्या दिवशी नीट जेवलं नाही. "कोंबडीच तर होती व माय," असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला नाही, पण मला ते पटलंही नाही. जे जीव आपल्या हाताने दाणा खातात, त्यांचं दुःख करण्यात कमीपणा कसला?

त्या दिवसांत गल्लीतल्या काही घरांनी मलूल कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात विकल्या. हातातला पैसा जातोय म्हटल्यावर माणूस तसं करतो, हे कळतं. पण रोग असाच एका गावातून दुसऱ्या गावात जातो.

कवडी आजारी पडण्याआधी तिची अंडी मी वरच्या आळीत जाऊबाईंकडे दिली होती. त्यांची कोंबडी खुडूक होती, रवणावर बसायला तयार. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. एक मात्र मागे राहिलं. बाकीची पिल्लं घेऊन कोंबडी उठून गेल्यावर त्याने अंडं फोडलं. जाऊबाईंनी ते ओलं पिल्लू फडक्यात गुंडाळून माझ्या हातात आणून ठेवलं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. खोक्यात बल्ब लावला. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लूच नीट सांगतं. गारठलं की बल्बाखाली अंग चोरून ओरडतं, उकडलं की कोपऱ्यात जाऊन चोच उघडतं. वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. पाणी बाटलीच्या झाकणात द्यायचं आणि त्यात खडे टाकायचे, नाहीतर बुडून मरतं. खायला ज्वारीची बारीक कणी. पण आई चोच मारून दाखवते तेव्हा पिल्लू टिपायला शिकतं. इथे आई नव्हती. मी कणीवर बोटाचं टोक टकटक वाजवायची, तसं तेही धावत येऊन तिथेच टिपायचं. परसात मानमोडी होऊन गेलेली, म्हणून खुराडं धुतलं, चुना मारला, ऊन खाऊ दिलं आणि पिल्लू घरातच ठेवलं.

लसीचा प्रश्न आला तेव्हा खरी अडचण कळली. या रोगाचं पुस्तकी नाव राणीखेत. कुमाऊंमधल्या राणीखेतला 1927 साली आपल्या देशात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणजे शंभर वर्षं होत आली. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात, पुढे बूस्टर, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. पण मला मिळाली ती कुपी शंभर डोसांची. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पोल्ट्रीवाल्याला हे सोयीचं आहे. चार कोंबड्यांच्या बाईने काय करायचं?

मी मेहकरहून बर्फाच्या थर्मासात कुपी आणली. "एका पिल्लासाठी मेहकरले गेली का व?" असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकासाठी नाही, गल्लीसाठी. भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, घरोघर फिरलो. जाऊबाई कोंबडी धरायच्या, लेक डोकं आडवं करायची, मी थेंब टाकायची. पापणी मिटून थेंब आत गेल्याशिवाय सोडायचं नाही. जिथे कोंबडी सुस्त दिसली, ते घर वगळलं.

2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली 31 कोटींहून अधिक परसातली होती आणि परसातल्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे सरकारच्याच आकड्यांत हा धंदा छोटा नाही. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस मोहीम काढून, दारात येऊन, फुकट टोचतात, कानाला बिल्ला मारतात. ते योग्यच आहे. बर्ड फ्लू आला की यंत्रणा रातोरात हलते. 2006 ला नवापुरात आणि 2021 ला परभणीच्या मुरुंब्यात आपण ते पाहिलं. तो माणसाला होऊ शकतो म्हणून. राणीखेत माणसाचा जीव घेत नाही, पण लस नसलेलं खुराडं पार रिकामं करून जाते, आणि त्याची बातमी होत नाही.

लस काही दुर्मिळ नाही. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची स्वतःची संस्था जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी बनवते. गावोगाव बचत गटांच्या पशुसखी आहेत. अडतं ते दारापर्यंत पोचण्यात. पशुसखीच्या हातात बर्फाचा डबा द्या, थेंब टाकायचं मानधन द्या, आणि गावाचा लसीकरणाचा दिवस आधी दवंडी देऊन ठरवा. मग शंभर डोसांची कुपी वाया जाणार नाही. लहान कुपी मिळाली तर त्याहून बरं. जिल्हा परिषदेने लोणार-मेहकरपासून सुरुवात करावी, पुढचा उन्हाळा लागायच्या आत.

पिल्लू आता जाऊबाईंच्या पिल्लांत सोडलं आहे. ठिपके अजून उमटले नाहीत, अंग तांबूस आहे. आर-टू-बीच्या वेळी गल्लीतली सगळी घरं एकत्र वर्गणी काढणार आहेत आणि पहिल्या वेळी वगळलेल्या घरानेही या खेपेला नाव दिलं आहे.