क्यूआर कोडच्या आधी कन्नड

२०२० चं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ रणजितसिंह डिसले सरांना मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर पुस्तकातले क्यूआर कोड झळकले. कोड स्कॅन करा; कविता ऐका, व्हिडिओ बघा. भारीच आयडिया. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांची पहिली अडचण वेगळीच होती. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं त्यांना न कळणाऱ्या भाषेत. मग सर आधी कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांना कळतील अशी केली आणि त्यावर कोड चिकटवले. हा क्रम आपण बातमी वाचताना गाळूनच टाकला.

आपल्या कॉलेजांतही तो गळालाय. स्मार्टबोर्ड आले, पीपीटी आल्या. स्लाइडवरचं इंग्रजी मात्र जसंच्या तसं वाचून दाखवलं जातं. (ते आम्हालाही येतं, सर!) मराठी माध्यमातून आलेला फर्स्ट इयरचा मुलगा मान डोलावतो आणि इंटर्नलला गळपटतो. एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, तरी बहुतेक वर्ग अजून इंग्रजीतच चालतात.

यावर महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. अवघड टॉपिक मराठीत समजावलेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं, तरी तो पोरगा रात्री होस्टेलवर चार वेळा मागे नेऊन ऐकेल. वर्गात चार वेळा हात वर करायची हिंमत त्याला होत नाही.