हात बोलतात

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये फ्रेडरिक शोपाँ या पियानोवादक-संगीतकाराचे निधन झाले. वय अवघे ३९. त्यानंतर क्लेसँजे नावाच्या शिल्पकाराने त्याच्या चेहऱ्याचा आणि हाताचा साचा घेतला. त्या डाव्या हाताच्या प्रती आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. एडिसनचा फोनोग्राफ यायला तेव्हा २८ वर्षे बाकी होती. म्हणजे शोपाँच्या बोटांतून निघालेला एकही सूर साठवता आला नाही. हाताचा आकार तेवढा उरला.

आता असा साचा जिवंत हाताचा घेता येतो. त्यासाठी अल्जिनेट नावाची भुकटी वापरतात. ती समुद्री शेवाळापासून तयार होते. दाताचे डॉक्टर कवळीचे माप घेतात तीच. पाण्यात कालवून त्यात हात बुडवायचा आणि काही मिनिटे अजिबात हलवायचा नाही. मिश्रण रबरासारखे झाले की बोटे हळूहळू सोडवून हात बाहेर काढायचा. अल्जिनेट सुकले की आकसते, म्हणून त्या पोकळीत लगेच प्लास्टर ओतायचे. प्लास्टर घट्ट झाल्यावर वरचे आवरण सोलले की हातावरची रेघन् रेघ उमटलेली दिसते.

वादकाचा हात नुसता सरळ बुडवला तर तो कुणाचाही हात दिसेल. बोटे वाद्यावर असतात तशी वळवली, तरच तो वादकाचा हात होतो. सारंगिये बोटाच्या टोकाने तार दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने तारेला स्पर्श करतात. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तिथली कातडी जाड होते. सतारियाच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेच्या खाचा पडतात. शिल्प गुळगुळीत करण्याच्या नादात या खुणा घासून टाकल्या तर उस्तादांची अर्धी कमाई पुसली, असे आम्ही म्हणू.

शाळेत हा प्रयोग करायचा झाल्यास आम्हा शिक्षकांना एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते. २००७ साली इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात घातले. ते अडकले, भाजले आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. तेव्हा पालकहो, हात फक्त अल्जिनेटमध्ये. प्लास्टर हात बाहेर निघाल्यावरच. मुलांना एकटे सोडून हा खेळ मुळीच नको.

हल्ली नवजात बाळाच्या हातापायांचे साचे हौसेने करून घेतात. जरूर घ्यावेत. पण त्या हातांवर अजून काही लिहिलेले नसते. पालकसभेला येणाऱ्यांचे हात आम्ही पाहतो: कुणाच्या बोटाला सुईचे घट्टे, कुणाच्या तळव्यावर यंत्रमागाच्या खुणा. काही जण ते हात रुमालाखाली झाकतात. मुलांना मात्र त्या खुणांची गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

साच्याला पैसे लागतात, कागदाला लागत नाहीत. या सुट्टीत मुलांना सांगा: दादीजानचा हात वहीच्या पानावर ठेवून पेन्सिलीने गिरवा. प्रत्येक घट्टा, प्रत्येक व्रण कशाचा ते विचारा आणि बाजूला त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली तारीख टाकायला विसरू नका.